कौल, निकालपत्र आणि शिक्षा

सप्रेम आशीर्वाद.

ज्यूरीवरच्या स्पॅनिश मजकुराच्या तुझ्या मराठी भाषांतराची पानं काल रात्री मूळ मजकूर शेजारी ठेवून वाचली. वाक्यं ओघवती आहेत, कायद्याची भाषा असूनही जीभ अडखळत नाही. पण तिसऱ्या पानावर मी थांबलो. ‘सेन्तेन्सिया आब्सोलुतोरिया’चं तू ‘निर्दोष मुक्ततेची शिक्षा’ केलं आहेस. निर्दोष सुटलेल्या माणसाला शिक्षा कसली गं?

हे कसं झालं ते मला कळतं. शेजारी इंग्रजी भाषांतर उघडं होतं आणि ‘सेन्तेन्सिया’ दिसताच ‘सेंटेन्स’ म्हणजे शिक्षा मनात आली. स्पेनमध्ये ‘सेन्तेन्सिया’ म्हणजे न्यायाधीशाने लिहिलेलं निकालपत्र. शिक्षेला तिथे ‘पेना’ म्हणतात. या कामापुरतं तरी इंग्रजी बाजूला ठेव. त्याऐवजी खटला डोळ्यांसमोर आण: कोण बोलतंय, कोण लिहितंय, कोणाच्या हातात कोणता कागद आहे.

1995च्या स्पॅनिश कायद्यानुसार ज्यूरीत, म्हणजे आरोपी दोषी की नाही ते ठरवणाऱ्या मंडळात, नऊ नागरिक असतात. खटला चालवायला एक न्यायाधीश असतो आणि हे दहा जण मिळूनच ते न्यायालय होतं. म्हणून ‘त्रिबुनाल देल खुरादो’ला नुसतं ‘ज्यूरी’ म्हणून भागत नाही, ‘ज्यूरी न्यायालय’ लिही. ‘खुरादो’ हा शब्द अख्ख्या मंडळालाही लागतो आणि त्यातल्या एकेकालाही, त्यामुळे प्रत्येक वाक्यात कोणता अर्थ आहे ते तपासावं लागतं. मुळात ‘खुरार’ म्हणजे शपथ घेणे. ‘त्रादुक्तोर खुरादो’चा ज्यूरीशी काही संबंध नाही, तो अधिकृत, शपथबद्ध भाषांतरकार. सुरुवातीच्या काळात मी त्याचं ‘ज्यूरीचा दुभाषा’ करून ठेवलं होतं आणि ते तसंच पुढे गेलं. अजून आठवलं की जीव खाली-वर होतो.

ज्यूरीतल्या नागरिकासाठी वापरलेला ‘पंच’ हा शब्द मात्र तू खोडच. मोह होतो, मान्य आहे. पण आपल्या फौजदारी कामात पंच म्हणजे पंचनाम्यावर सही करणारा साक्षीदार. वाचणाऱ्या वकिलाच्या मनात तोच येणार.

आता ‘वेरेदिक्तो’. याला तू ‘निकाल’ म्हटलंस, ‘सेन्तेन्सिया’लाही एके ठिकाणी ‘निकाल’ आणि ‘फायो’लाही ‘निकाल’. वाचणाऱ्याला वाटेल, एकच गोष्ट तीनदा घडली. मी ‘वेरेदिक्तो’साठी ‘कौल’ वापरतो. कौल ज्यूरी देते, निकालपत्र न्यायाधीश लिहितो आणि ‘फायो’ म्हणजे त्या निकालपत्राच्या शेवटचा आदेश. न्यायाधीशाला ज्यूरीचा कौल पटला नाही म्हणून फिरवता येत नाही. त्यात दोष असेल तर तो कारण सांगून परत पाठवू शकतो.

मराठी वाचकाला हा फरक नवा नाही. 1908 साली मुंबई उच्च न्यायालयात लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हाही ज्यूरी नऊ जणांचीच होती. सात जणांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही. कौल आला, काही सांगायचंय का असं टिळकांना विचारलं गेलं आणि त्यांनी ते प्रसिद्ध उत्तर दिलं: ज्यूरीचा कौल काहीही असला तरी मी निर्दोष आहे. त्यानंतर न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ते उत्तर कौलाला होतं, शिक्षा तेव्हा जाहीरही झाली नव्हती. आज स्पेनमध्ये दोषी ठरवायला नऊपैकी सात मतंच लागतात. दोषी नाही म्हणायला पाच पुरतात.

‘कौल’ शब्दाची एक अडचण आहे. आमच्या कोकणात देवाला कौल लावतात, आणि देव कारण देत नाही. स्पेनमधल्या ज्यूरीला मात्र कोणत्या पुराव्यावरून आपली खात्री पटली, ते थोडक्यात लिहून द्यावं लागतं. तो परिच्छेद तू गाळलास. तो परत घे, त्याच्याशिवाय स्पॅनिश ज्यूरी समजत नाही. ‘ओब्खेतो देल वेरेदिक्तो’चं तुझं ‘कौलाची वस्तू’ही बदल. तो न्यायाधीशाने ज्यूरीच्या हाती दिलेला कागद असतो: घटनेतली एकेक बाब क्रमाने लिहिलेली, आणि प्रत्येकीपुढे ज्यूरीने सिद्ध की असिद्ध ते सांगायचं. आपल्या तालुका न्यायालयातलं एखादं मराठी निकालपत्र काढून बघ. डावीकडे ‘मुद्दे’, उजवीकडे ‘निष्कर्ष’ असा तक्ता दिसेल. ‘कौलाचे मुद्दे’ म्हण, वकिलाला लगेच कळेल.

‘सोर्तेओ’साठी ‘यादृच्छिक निवड’ कशाला? मतदारयादीतून नावं काढतात, ती सोडत आहे. म्हाडाच्या घरांमुळे हा शब्द घरोघरी पोचलाय. आणि ‘लेगो’ म्हणजे ‘अडाणी’ नव्हे. ज्यूरीत बसायला लिहिता-वाचता येणं कायद्यानेच आवश्यक आहे. ‘कायद्याचं शिक्षण नसलेला नागरिक’ असं सरळ लिही, लांब झालं तरी चालेल.

सगळ्यात जपून हाताळायची गोष्ट ‘आक्सिओन पोपुलार’. तू ‘जनहित याचिका’ लिहिलंस. दोन्हीकडे सामान्य नागरिक न्यायालयात जातो, म्हणून तसं वाटलं असेल. पण जनहित याचिका उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात दाद मागते. स्पेनमध्ये मात्र, ज्याचं स्वतःचं काही नुकसान झालेलं नाही असा नागरिक किंवा संघटना फौजदारी खटल्यात आरोप ठेवणारा पक्ष म्हणून उभी राहते. स्पेनची राजकन्या क्रिस्तिना 2016 साली पाल्माच्या न्यायालयात आरोपी म्हणून बसली ती अशाच आरोपामुळे. सरकारी वकिलाने तिच्यावर आरोप ठेवला नव्हता, एका संघटनेने ठेवला. पुढच्या वर्षी ती निर्दोष सुटली. हे ‘याचिका’ या शब्दात मावत नाही. मी ‘लोकफिर्याद’ लिहितो आणि पहिल्या उल्लेखाला एका ओळीत खुलासा देतो. याहून चांगला शब्द सुचला तर मला कळव, मी माझा बदलेन.

अर्जेंटिनावरची शेवटची दोन पानं अजून बघायची आहेत. कोर्दोबा प्रांतात आठ नागरिक तीन न्यायाधीशांबरोबर बसतात, त्यांना तू ‘असेसर’ म्हटलेलं ओझरतं दिसलं. ब्रिटिश काळात आपल्याकडे असेसर, म्हणजे न्यायाधीशाला आपलं मत सांगणारे नागरिक, होते, पण त्यांचं मत न्यायाधीशावर बंधनकारक नव्हतं. कोर्दोबातल्या नागरिकांचं मत मोजलं जातं. तेवढं दुरुस्त करून रविवारपर्यंत पाठव, मग फोनवर बोलू.