'देशावर' म्हणजे नेमकं कुठे?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे. घरातल्या जुन्या कागदांत एक पत्र सापडलं. वरचा कोपरा फाटला आहे, त्यामुळे ते कुठून लिहिलं ते कळत नाही. त्यात एक वाक्य आहे : 'देशावर यंदा पाऊस नाही, मंडळी दिवाळीआधी खाली येतील.' इथे देश म्हणजे हिंदुस्थान का? नसेल तर कोणता भाग? त्यात नागपूर, संभाजीनगर येतात का? आणि आज ज्याला आपण पश्चिम महाराष्ट्र म्हणतो, तोच हा देश का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाक्यातच आहे, तेही 'वर' या दोन अक्षरांत. हिंदुस्थान म्हणायचा असता तर पत्र लिहिणाऱ्याने 'देशात यंदा पाऊस नाही' असं लिहिलं असतं. 'देशात' म्हणजे भारतात, 'देशावर' म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडच्या, घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या सपाटीवर. 'देशावर संकट आलं', 'देशावर प्रेम' या प्रयोगांत अख्खा देशच असतो, पण तिथे 'वर' जागा दाखवत नाही. राहणं, जाणं, पाऊस पडणं, पीक येणं अशा क्रियांबरोबर 'देशावर' आलं की घाटमाथ्यापलीकडचा मुलूख समजायचा. एकाच शब्दाचे दोन अर्थ प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय यांनी इतके नेमके वेगळे ठेवलेले मराठीत फार थोडे सापडतील.

हे 'वर' थोडं तपासून पाहू. आपण माळावर, पठारावर, गडावर, घाटावर म्हणतो. गावात, खोऱ्यात, कोकणात म्हणतो. उंच आणि उघडी जागा असेल तर 'वर', वेढलेली किंवा खोलगट असेल तर 'त'. पण मावळ पाहा. मावळ म्हणजे सह्याद्रीच्या पूर्व अंगाच्या नद्यांची खोरी : पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ, हिरडस मावळ, गुंजण मावळ. कोकणच्या मानाने ही सगळी उंचावर आहेत, तरी 'मावळावर' कोणी म्हणत नाही, 'मावळात' म्हणतात. माणदेशाचंही तसंच. माण नदीच्या खोऱ्यातला हा दुष्काळी टापू सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यापासून सांगलीच्या आटपाडीपर्यंत आणि सोलापूरच्या सांगोल्यापर्यंत, तीन जिल्ह्यांत पसरला आहे. नावात 'देश' असूनही तो 'माणदेशात'. खानदेशही 'खानदेशात'. म्हणजे नुसती उंची मोजून 'वर' लागत नाही. बोलणारा ज्या जागेकडे खालून बघतो, तिला 'वर' लागतं. माणदेशाला नाव दिलं ते त्याच्या नदीने, आणि देशाला नाव दिलं ते कोकणातून वर बघणाऱ्या माणसाने.

ही माझी आवडती गोष्ट आहे, म्हणून जरा रेंगाळतो. 'देश' हा शब्द संस्कृतातल्या 'दिश्' धातूवरून आला. दिश् म्हणजे दाखवणे, बोट करणे. दिशा, निर्देश, आदेश, उपदेश, प्रदेश ही सगळी त्याच घरातली. देश म्हणजे मुळात दाखवलेली जागा, 'तो भाग'. जागा दाखवायची तर दाखवणारा कुठे तरी उभा असतो, आणि तो कुठे उभा आहे यावर शब्दाचा अर्थ ठरतो. कोकणातल्या माणसाचं बोट वरंधा, कुंभार्ली, आंबा, फोंडा या घाटांकडे जातं, म्हणून त्याचा देश घाटाच्या डोक्यावर सुरू होतो. वाईच्या किंवा कराडच्या शेतकऱ्याला त्याच जमिनीला 'देश' म्हणायची फारशी गरज पडत नाही. तो 'आपल्याकडे' म्हणतो, किंवा कृष्णाकाठ म्हणतो. कोकणाचा विषय निघाला की मगच तो देशावरचा होतो, आणि मग तोही 'खाली कोकणात' म्हणतो.

नदीवरून मुलूख सांगायची पद्धतही जुनी आहे. गोदावरीकाठची गंगथडी, भीमेकाठची भीमथडी. थडी म्हणजे काठ. ज्ञानेश्वरांनी ग्रंथ कुठे झाला ते सांगताना 'महाराष्ट्रमंडळीं' म्हटलं आणि लगेच 'श्रीगोदावरीच्या कूलीं' असं काठाचं नाव घेतलं. त्याच ठिकाणी गीतेवर घातलेल्या मराठी लेण्याला ते 'देशीकार लेणें' म्हणतात. ही 'देशी' म्हणजे इथल्या मातीतली भाषा. तिचा घाट चढण्या-उतरण्याशी संबंध नाही आणि आजच्या भारत देशाशीही नाही.

म्हणजे देश हा शब्द पूर्वी बराच लवचिक होता, लहानही होता. देशमुख आणि देशपांडे यांतला देश आठवा. गावाला पाटील आणि कुलकर्णी, तर परगण्याला, म्हणजे अनेक गावांच्या गटाला, देशमुख आणि देशपांडे. तो देश आजच्या तालुक्याच्या आसपासचा. ही परगणा वतनं मुंबई राज्यात १९५० च्या कायद्याने संपली आणि आडनावं राहिली. 'परदेशी' हा शब्द तर याहून बोलका आहे. महाराष्ट्रात उत्तर हिंदुस्थानातून येऊन राहिलेल्यांना परदेशी म्हणत, त्यावरून पडलेलं आडनाव आजही आहे. समुद्र ओलांडायची अट त्यात नव्हती. आपला मुलूख संपला की परदेश सुरू होई. पुढे १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत 'देश' अख्ख्या हिंदुस्थानाएवढा झाला आणि तोच अर्थ शाळेत, वर्तमानपत्रांत पक्का बसला. जुना अर्थ मात्र 'देशावर' या रूपात टिकून राहिला.

आता नागपूर आणि संभाजीनगर. जमिनीच्या हिशेबाने दोन्ही पठारावरच आहेत. बोलण्यात मात्र त्यांना कोणी 'देशावर' म्हणत नाही. माझ्या मते याचं कारण भूगोलात कमी आणि राज्यकर्त्यांच्या नकाशात जास्त आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वऱ्हाड निजामाने १८५३ मध्ये इंग्रजांच्या हवाली केला आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं. कोकणातल्या माणसाचं येणं-जाणं, नोकरी, कोर्टकचेरी मुंबई इलाख्यात. त्याच्या बोटाला जो घाटमाथा दिसे, त्यामागे पुणे, सातारा, नगर, सोलापूर, आणि शेजारची कोल्हापूर, सांगलीसारखी संस्थानं. 'देश' तेवढ्यावर स्थिरावला.

'इलाखा' हा शब्दही इथे पाहण्यासारखा आहे. इलाखा आणि तालुका दोन्ही एकाच अरबी धातूतून आले, अर्थ : संबंध, जोडलेलं असणं. जिल्हा हाही अरबीच, मूळ अर्थ बरगडी, त्यावरून बाजू. देशाला बघणारा लागतो, इलाख्याला ज्याच्याशी जोडलं आहे ते सरकार लागतं. प्रदेशांची नावं या दोन वाटांनी येतात, आणि दुसऱ्या वाटेने आलेली नावं खोटी किंवा वरवरची असतात असं मी मुळीच म्हणणार नाही. मराठवाडा म्हणजे निजामाच्या राज्यातला मराठी मुलूख. तेलंगणापासून वेगळा ओळखू यावा म्हणून हे नाव चाललं. त्याची सीमा काही ठिकाणी निसर्गाने दिली आहे, जसं अलीकडे नगर जिल्ह्यातलं टोके आणि पलीकडे मराठवाड्यातलं कायगाव, मध्ये गोदावरी. पण बार्शीकडून धाराशिवला जाताना अशी नदी आडवी येत नाही. माती तीच, बोलीही एका गावातून दुसऱ्या गावात हळूहळू सरकते, आणि तरी बार्शी मराठवाड्यात नाही. ती मुंबई इलाख्यात होती एवढंच कारण. निजामाचं राज्य गेलं, पण त्या रेषेच्या आत लोकांनी जे सोसलं आणि जो लढा दिला त्यातून ओळख तयार झाली. दर १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळला जातो. रेषा परक्याने ओढली होती, ओळख तिथल्या माणसांची आहे.

विदर्भाचं उलट. नाव महाभारताइतकं जुनं, दमयंती आणि रुक्मिणी तिथल्या. पण आत गेलं की वऱ्हाड वेगळा, नागपूरकडचा भाग वेगळा, पूर्वेची झाडीपट्टी वेगळी. अकोल्याचा माणूस घरी वऱ्हाडी असतो, मुंबईत आला की विदर्भातला होतो, दिल्लीला गेला की महाराष्ट्रातला. तिन्ही खरं आहे. समोर कोण विचारतंय त्यावर उत्तर बदलतं.

शेवटचा प्रश्न, पश्चिम महाराष्ट्र आणि देश एकच का? बरेचसे एकमेकांवर बसतात, पण शब्दांची जात वेगळी. 'पश्चिम महाराष्ट्र' शब्दशः घेतलं तर त्यात सर्वांत आधी कोकण यायला हवं, कारण महाराष्ट्राची पश्चिमेची कड म्हणजे कोकण. प्रत्यक्षात त्यात पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर येतात, नगर कधी येतं कधी नाही. हे 'पश्चिम' विदर्भ-मराठवाड्याच्या बाजूने पाहिलेलं आहे. संविधानाच्या कलम ३७१ (२) मध्ये तर विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र' अशी वाटणी आहे. त्या 'उर्वरित'मध्ये कोकण, देश, खानदेश सगळे एकत्र. मी उर्वरित महाराष्ट्राचा, असं मात्र कोणी सांगत नाही. विकासाचा अनुशेष मोजायला तो शब्द हवाच होता, पण त्यात राहायला कोणी गेलं नाही. याउलट सरकारच्या कोकण विभागात मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे आहेत, तरी मुंबईकर गणपतीला 'कोकणात जातो' म्हणतो. कोकणात असून कोकणात जातो, आणि त्याचं बोलणं सगळ्यांना नीट कळतं.

आता पुन्हा ते पत्र. फाटलेल्या कोपऱ्यातलं गावाचं नाव मला सांगता येणार नाही, पण पत्र कुठल्या बाजूने लिहिलं आहे ते या एका वाक्यातून सांगता येतं. लिहिणारा स्वतः घाटावर असता तर 'इकडे यंदा पाऊस नाही' असं लिहिता. त्याने 'देशावर' लिहिलं. शिवाय मंडळी 'खाली जातील' असं न लिहिता 'खाली येतील' असं लिहिलं. तेव्हा तो खालीच होता, कोकणात, फार तर मुंबईत. घरात त्या बाजूचं कोण होतं ते शोधा.