सीट उलटीच लावायची, पण नीट कशी?

यावेळी लहान बाळांच्या कार सीटबद्दलच इतके प्रश्न आले की बाकीचे पुढच्या अंकाला ठेवलेत.

प्रश्न: मला आठवा महिना चालू आहे. हॉस्पिटल ते घर जेमतेम 15 मिनिटं. सासूबाई म्हणतात एवढ्याशा अंतराला सीट कशाला, मी मागे बसून मांडीवर घट्ट धरते की. त्यांना न दुखावता कसं सांगू? आणि सीट घेतली तरी ती मागे तोंड करूनच का, त्यात बाळाचा चेहरा पण दिसत नाही.

उत्तर: ताई, सासूबाईंचा बाळावर जीव आहे म्हणूनच त्या असं म्हणतायत, तेव्हा वाद नको, फक्त हिशोब सांगा. गाडी ताशी 50 किलोमीटरच्या स्पीडला आदळून अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर आतल्या प्रत्येकावर स्वतःच्या वजनाच्या साधारण 20 पट जोर येतो, म्हणजे 3 किलोचं बाळ त्या क्षणी 60 किलोच्या ओढीने हातातून सुटतं, आणि ते कुणालाच धरून ठेवता येत नाही, आईलाही नाही. मोठ्या माणसाने पट्टा लावलेला नसेल तर त्याचं सगळं वजन बाळावर येतं, आणि एकाच पट्ट्यात दोघांना घेतलं तरी बाळच मध्ये चेपतं. सासूबाईंना सांगा की तुम्ही सीटच्या शेजारी बसा. हे त्यांची समजूत काढायला नाही सांगत, बाळाची मान पुढे पडत नाही ना, श्वास नीट चालू आहे ना, हे बघायला पहिल्या प्रवासात मागे कुणीतरी खरंच हवं असतं.

आता उलटी का ते. नवजात बाळाचं डोकं म्हणजे त्याच्या लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा, आणि मानेचे मणके अजून पूर्ण हाडाचे झालेले नसतात, बराचसा भाग मऊ कूर्चेचा असतो. तोंड पुढे असेल तर धडकेत खांदे पट्ट्यांनी अडतात आणि ते जड डोकं एकटंच पुढे झटकतं, सगळा ताण मानेवर. तोंड मागे असलं की डोकं, मान, पाठ तिन्ही एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात आणि जोर सगळ्या अंगावर वाटला जातो. स्वीडनचे डॉक्टर बर्टिल आल्डमन यांना 1960 च्या दशकात ही कल्पना सुचली ती अंतराळवीरांवरून, तेही उड्डाणाच्या वेळी जोर पाठीवर यावा म्हणून पाठीवर रेलूनच असतात ना. चेहरा दिसत नाही हे मान्य, पण त्याला इलाज नाही.

प्रश्न: बकेट सीट घेऊ की कन्व्हर्टिबल? आणि आयसोफिक्स नसलेली गाडी असेल तर काय?

उत्तर: दादा, बकेट सीट म्हणजे हँडलची, टोपलीसारखी सीट, लहान अंगाला छान बसते आणि बेसवरून, म्हणजे गाडीत बसवलेल्या तळावरून, उचलता येते, पण बऱ्याच मॉडेलची मर्यादा 13 किलो असते आणि वजन गाठण्याआधी उंचीच संपते. डोक्याच्या वर सीटचा काठ 2.5 सेंटिमीटरपेक्षा कमी उरला की ती सीट झाली लहान. कन्व्हर्टिबल म्हणजे आधी उलटी आणि नंतर सुलटी लावता येणारी सीट, ती जास्त वर्षं उलटी वापरता येते, फक्त घेण्याआधी तिचं कमीत कमी वजन किती ते वाचा, आणि सगळ्यात खालच्या खाचेतून पट्टे कुठून निघतात ते बघाच. उलट्या सीटमध्ये पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित खालून यायला हवेत, कानाजवळून येत असतील तर ती सीट नवजात बाळाची नाही, दुकानदार काहीही म्हणू दे. लेबलवर आर 129 (मुलांच्या कार सीटचा सुरक्षा नियम) असेल तर ती उंचीच्या मापाने निवडायची असते, बाजूच्या धडकेची टेस्ट झालेली असते आणि 15 महिन्यांपर्यंत तरी उलटीच वापरायची असते. माझं विचाराल तर तिथे थांबू नका, सीटची मर्यादा संपेपर्यंत उलटीच राहू द्या. पाय मागच्या सीटला टेकतात म्हणून घाईने फिरवणारे खूप जण आहेत, पण मुलं मांडी घालून मजेत बसतात.

आयसोफिक्स म्हणजे बाळाची सीट अडकवायला गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत असलेल्या लोखंडी दांड्या, बोट घालून चाचपडलं तर लागतात. नसतील तर पट्ट्याने बसणारी सीट घ्या, नीट लावली तर तीही तितकीच चांगली. दोन्ही एकदम वापरायचं मात्र मॅन्युअलमध्ये तसं लिहिलं असेल तरच. सीटला खाली आधाराचा पाय असेल तर तो टेकतो तिथे गाडीच्या फ्लोअरमध्ये सामानाचा कप्पा नाही ना ते बघा, वरचं झाकण जोर सहन करत नाही.

प्रश्न: सीट लावली पण हलते, आणि बाळाची हनुवटी सारखी छातीला टेकते. काय चुकतंय?

उत्तर: आधी हलवून बघता कुठे ते सांगा. वरच्या टोकाला धरलं तर उलटी सीट थोडी हलणारच. पट्टा किंवा आयसोफिक्स जिथून जातो तिथे हात ठेवून साध्या जोराने हलवा, 2.5 सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर सैल आहे. मग एका हाताने सीट जोरात खाली दाबून धरा, दुसऱ्या हाताने पट्टा ओढत राहा, पीळ असेल तर सोडवा आणि शेवटी लॉक करायला विसरू नका, लॉक राहिलं नाही तर दोन दिवसांत परत सैल.

हनुवटीचं मात्र आजच बघा, कारण नवजात बाळाची श्वासनळी मऊ असते आणि मान वाकली की दबते, आणि बाळाला स्वतःहून डोकं उचलता येत नाही. सीट फार उभी आहे. गाडी सपाट जागी लावून सीटवरची कोन दाखवणारी रेघ किंवा बुडबुडा बघा, नवजात बाळासाठी साधारण 45 अंशांपर्यंत रेलायला हवी. खाली टॉवेलची गुंडाळी घालायची ती मॅन्युअलने चालेल म्हटलं तरच. सीटसोबत न आलेल्या गाद्या, उशा काढून टाका. जाड स्वेटर पण नको, धडकेत तो चेपतो आणि पट्टे सैल पडतात, थंडी असेल तर पट्टे लावून झाल्यावर वरून दुपटं घाला. पट्टा खांद्यावर चिमटीत धरून बघा, चिमटीत आला तर अजून ओढायचा आहे.

प्रश्न: पुढच्या सीटवर लावली तर? आणि नात्यातल्यांची वापरलेली घेतली तर?

उत्तर: समोर एअरबॅग चालू असेल तर उलटी सीट पुढे कधीच नाही, ती फुगून थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते. वापरलेली चालेल, पण अपघातात न सापडलेली, एक्सपायरीच्या आतली आणि मॅन्युअलसकट असेल तरच, आणि देणाऱ्याला सरळ विचारा, संकोच नको.

प्रश्न: घरी पोचल्यावर बाळ झोपलेलं असतं. बकेट तशीच उचलून आत ठेवते, पट्टे सैल करून. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, आणि पट्टे सैल करणं तर अजिबात नाही. सैल पट्ट्यात बाळ खाली सरकतं आणि पट्टा गळ्याशी येतो. बेसवरून काढून जमिनीवर ठेवली की तिचा कोनही बदलतो. बाळ उठेल, रडेल, तरी उचलून सपाट, कडक गादीवर उताणं झोपवा. पहिले काही आठवडे एका वेळी साधारण अर्ध्या तासाचाच प्रवास ठेवा, लांब जायचं असेल तर मध्ये थांबून बाहेर काढा. बाळ दिवसांआधी झालं असेल तर घरी सोडण्याआधी सीटमध्ये बसवून ऑक्सिजन आणि ठोके तपासायची टेस्ट असते, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि त्यासाठी सीट आधीच हॉस्पिटलमध्ये नेऊन ठेवा.