प्युअर डेटात तबल्याच्या थापेवर वाजणारं सँपल उशिरा येतंय आणि मेट्रो डळमळतोय, लॅपटॉप बदलू का?

तुमचा प्रश्न मी असा समजलो, की प्युअर डेटात (डब्यांना तारा जोडून आवाजाचे प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) पॅच, म्हणजे असा प्रोग्रॅम, केलाय, लेहरा (तबल्यामागे फिरत राहणारी सुरावट) मेट्रोवर, म्हणजे ठरावीक वेळाने टोला देणाऱ्या ऑब्जेक्टवर, चालतो, मायक्रोफोनवर तबल्याची थाप एन्व्ह~ ने (आवाजाचा जोर मोजणारा) ओळखून घुंगराचं सँपल (रेकॉर्ड केलेला तुकडा) टॅबप्ले~ ने वाजवता, पण घुंगरू थापेच्या मागून येतं, तेही कधी थोडं कधी जास्त, आणि रिअलटाइम (खरं घड्याळ मोजणारा) लावून 100 मिलिसेकंदांचा मेट्रो मोजला तर 93, 104 असले आकडे येतात. लॅपटॉप नका बदलू, निदान इतक्यात तरी नको. (ऑब्जेक्टची, म्हणजे पॅचमधल्या डब्यांची, नावं देवनागरीत लिहितोय, उच्चारावरून ओळखून घ्या.)

आधी एक गोष्ट, तुम्ही दोन दुखणी एकत्र सांगताय. एक उशीर, म्हणजे प्रत्येक वेळी तेवढंच मागे, आणि दुसरी डळमळ, म्हणजे मागे-पुढे. साथीदार कायम जरा मागे असेल तर वाजवणारा त्याला सांभाळून घेतो, पण एकदा मागे एकदा पुढे असेल तर कुणीच सांभाळू शकत नाही. ऑडिओ सेटिंगमधला डिले कमी करून फक्त उशीर कमी होतो, डळमळ बहुतेक वेळा पॅचमध्येच असते.

आता ते 93 आणि 104. हे आकडे बघून मला हसूच आलं कारण यातच उत्तर आहे. प्युअर डेटा आवाज 64 सँपलच्या ब्लॉकमध्ये काढतो (इथे सँपल म्हणजे आवाजाचा एकेक आकडा), सेकंदाला 44100 सँपल धरले तर एक ब्लॉक म्हणजे 1.45 मिलिसेकंद. पण साउंड कार्डचा बफर (तात्पुरता साठा) 512 चा असेल तर तो 8 ब्लॉक एका दमात काढून टाकतो आणि मग कार्डने पुढचे मागेपर्यंत गप्प बसतो. 512 सँपल म्हणजे 11.6 मिलिसेकंद, त्याच्या आठपट 93 आणि नऊपट 104.5, म्हणजे तुमचा मेट्रो चुकत नाहीये, तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाने त्याचे दम मोजताय. रिअलटाइम काढा आणि तिथे टायमर लावा, तो पॅचच्या आतला हिशोबाचा वेळ मोजतो, बरोबर 100 दिसेल. कानावर जे येतं ते या हिशोबाच्या वेळेने येतं. हां, मेट्रोवर एखादा दिवा लावत असाल किंवा मिडी (दुसऱ्या वाद्यांना जाणारे संदेश) बाहेर पाठवत असाल तर तिथे मात्र ही 11 मिलिसेकंदांची उडी खरोखर दिसेल, मग बफर 128 किंवा 64 करा, पण लेहरा स्पीकरमधूनच वाजत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

मेट्रोच्या बाबतीत एकच बारीक गोष्ट राहते, टॅबप्ले~ आणि लाइन~ (आकडा सरकत नेणारा) हे दोघे ब्लॉकच्या सीमेवरच सुरू होतात, म्हणजे जास्तीत जास्त दीड मिलिसेकंद इकडेतिकडे. घुंगराला हे कुणाच्या बापाला कळणार नाही. पण एकाच नादाचे दोन थर एकावर एक वाजवले तर आवाज कधी भरीव कधी पोकळ लागतो, तेव्हा व्हीलाइन~ ने (लाइन~ चाच जास्त अचूक भाऊ) टॅबरीड4~ (सँपल वाचणारा) चालवा, तो ब्लॉकच्या मधूनही बरोबर जागी सुरू होतो.

खरा गुन्हेगार एन्व्ह~ आहे. काहीही आकडे न देता टाकला तर तो 1024 सँपलची खिडकी घेतो आणि दर 512 सँपलला एकदा आकडा सांगतो. म्हणजे थाप केव्हाही पडू दे, बातमी 11.6 मिलिसेकंदांच्या टोल्यावरच येणार, ही झाली तुमची डळमळ (तोच 11.6 चा आकडा परत आला हा योगायोग, कार्डशी याचा संबंध नाही). वरून या खिडकीत मधल्या भागाला वजन जास्त आणि दोन्ही कडांना जवळजवळ शून्य असतं, त्यामुळे थाप नुकतीच आत शिरली असेल तर तिचा आवाज मोजणीत येतच नाही, ती खिडकीच्या मध्याकडे सरकली की मग आकडा चढतो. जोरात वाजवलेला धा लवकर उंबरठा ओलांडतो आणि हलका तिट उशिरा. तुम्ही नीट ऐकलंत तर घुंगरू हलक्या बोलांवर जास्त मागे पडत असणार, खात्रीने सांगतो.

उपाय स्वस्तातला म्हणजे एन्व्ह~ च्या पुढे 256 128 लिहा, डळमळ 3 मिलिसेकंदांच्या आत येते. जास्त नीट हवं असेल तर बाँक~ वापरा, तो प्युअर डेटाबरोबरच येतो आणि तालवाद्यांच्या आघातासाठीच बनवलाय, त्याचीही खिडकी न सांगता 256 ची असते. फक्त डग्ग्याच्या घुमाऱ्यावर तो कधीकधी दोनदा बडबडतो, त्याला एकदा बोलल्यावर 40-50 मिलिसेकंद गप्प बसवा. आणि मायक्रोफोन डग्ग्यापासून लांब, दायाच्या चाटेजवळ ठेवा, निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

मग उरतो उशीर. इथे अंदाज नको, मोजा. स्पीकर बंद करा, कार्डच्या आउटपुटमधून वायर काढून त्याच कार्डच्या इनपुटला लावा, पॅचमध्ये एक बँग (सुरू कर म्हणणारी टिचकी) घ्या, तो टायमरच्या डाव्या कानात (इनलेटमध्ये) आणि एका टिक आवाजाला द्या, आणि एडीसी~ वरून (कार्डचा इनपुट) थ्रेशोल्ड~ (आवाज उंबरठा ओलांडला की कळवणारा) लावून त्याचा बँग टायमरच्या उजव्या कानात. जो आकडा येईल तो जाऊन-येऊनचा एकूण उशीर, एका ब्लॉकच्या फरकाने. इथे टायमर हिशोबाचा वेळ मोजतो हे आपल्या फायद्याचंच आहे कारण तो सँपल मोजतोय. आकडा दहा-पंधराच्या आत आला तर कार्ड निर्दोष सोडून द्या. आवाज एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद घेतो, म्हणजे 10 मिलिसेकंद उशीर म्हणजे स्पीकर साडेतीन मीटर लांब ठेवल्यासारखं, एवढ्या अंतरावरून संवादिनीवाला आपल्याला चालतोच की. पण 50-60 आला तर मामला गंभीर, द्रुत तीनतालात मिनिटाला 240 मात्रा धरल्या तर एक मात्रा 250 मिलिसेकंदांची, तिची चौगुण केली तर एक बोल 62 चा, म्हणजे घुंगरू पुढच्या बोलावर जाऊन बसणार. विंडोजवर असाल तर एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा) ड्रायव्हर घ्या, कार्डचा स्वतःचा नसेल तर एएसआयओ4ऑल चालतो. लिनक्सवर जॅक या ऑडिओ सर्व्हरमध्ये 128 चे 3 तुकडे, 48000 ला म्हणजे 8 मिलिसेकंद, यूएसबी कार्डावर मला हे टिकलंय. ब्लूटूथ हेडफोन लावून हे काही मोजू नका.

आता माझी फजिती सांगतो. माझ्या पॅचमध्ये सगळं मोजून 9 मिलिसेकंद येत होते आणि तरी झांज मागेच वाजायची. दोन दिवस ड्रायव्हर काढले-घातले, पॉवर सेव्हर बंद केला, वायफाय बंद केलं, घरच्यांची बोलणी खाल्ली. शेवटी सँपलची फाइल एका एडिटरमध्ये उघडली तर सुरुवातीला सरळ रेष! कुणीतरी एमपी3 ची वेव्ह करून दिली होती, एमपी3 करताना पुढे शांततेची पट्टी लागते, माझ्यात पंचवीसेक मिलिसेकंदांची होती. कापली, विषय संपला. तुम्ही आधी हेच बघा, फुकट आहे. फाइल 44100 ची आणि कार्ड 48000 वर असेल तर तेही तपासा, सँपल वेगात वाजतं, घुंगरात कळणार नाही पण लेहरा रेकॉर्ड केलेला असेल तर काळी एकचा लेहरा पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लोंबकळेल.

अधूनमधून टक्क आवाज येत असेल तर तो तिसराच आजार, त्याला उशिराशी जोडू नका. वाजत असताना साउंडफाइलरने (फाइल मेमरीत भरणारा) फाइल उघडली की सगळा पॅच तेवढा वेळ थांबतो, म्हणून सुरुवातीलाच भरून ठेवा. प्रिंट (आकडे छापून दाखवणारा) काढून टाका, आणि मोठा अ‍ॅरे (सँपलचा तक्ता) आलेखात उघडा ठेवून त्यात लिहीत बसू नका, चित्र काढण्यात आवाज तुटतो.

फाइलचं डोकं, मग एन्व्ह~, मग वायर लावून मोजणी, या क्रमाने करा आणि तो लूपबॅकचा (वायर लावून मोजलेला) आकडा इथे खाली टाका, विंडोज की लिनक्स तेही, मग कार्डचं बघू.