आमचा अल्टिमेट फ्रिस्बीचा संघ पहिल्याच स्पर्धेत शेवटून दुसरा आला. यातून नेमकं काय शिकायचं आणि पुढचा सराव कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की पाचपैकी चार सामने गेले, परतीच्या गाडीत दोघांची जुंपली आणि आता सरावाला काय घ्यावं तेच कळत नाही. मी कोल्हापुरात सहा वर्षं मिक्स्ड, म्हणजे मुलगे-मुली एकत्र असलेल्या संघात खेळतोय. आमच्या पहिल्या स्पर्धेनंतर गाडीत हेच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे आजोबा तालमीत जायचे. ते सांगायचे, पोरगं कुस्ती हरून आलं की वस्ताद आधी विचारायचे, "पाय कुठं होता तुझा?" समोरच्यानं कुठला डाव टाकला, पंचानं काय बघितलं, ते सगळं नंतर. आम्ही तोच प्रश्न धरला. डिस्क (खेळातली चकती) कोणी घालवली यावर वाद घालू नका, ती गेली तेव्हा कोण कुठं उभं होतं ते शोधा.

आमचं नशीब असं की घोट्याला लागलेली एक खेळाडू दोन्ही दिवस रेषेवर वही घेऊन बसली होती. प्रत्येक टर्नओव्हर, म्हणजे डिस्क समोरच्यांकडं गेली ती प्रत्येक वेळ, तिनं लिहिला. स्टॉल (फेकणाऱ्यासमोरचा बचावपटू मोठ्यानं दहापर्यंत मोजतो ती मोजणी) कितीवर होता, वारा कुठून होता, फेक पुढं होती की मागं. दुसऱ्या दिवशी रात्री रंकाळ्याच्या काठावर आम्ही ती वही उघडली. तोवर सगळ्यांची खात्री होती की लांब फेकींनी घात केला. वहीत मात्र निम्म्याहून जास्त टर्नओव्हर स्टॉल सातच्या पुढचे निघाले.

त्यातला एक माझाच. डिस्क माझ्या हातात, मार्क, म्हणजे मला धरून उभा असलेला बचावपटू, मोजतोय, पाच, सहा. मी अजून पुढं पळून पास मागणाऱ्या कटरकडंच बघतोय. सातला मान वळवली तर डंपला, म्हणजे मागच्या सोप्या पाससाठी, उभी असलेली आमची हँडलर (मागून डिस्क खेळवणारी) माझ्याकडं पाठ करून पुढच्या कुणाला तरी हात करत होती. तिची चूक नव्हती, मी तिच्याकडं आधी कधी बघितलंच नव्हतं. आठला मी हॅमर (डोक्यावरून मारायची उलटी फेक) मारला, वाऱ्यानं तो रेषेबाहेर नेला आणि तिथून तीन पासमध्ये त्यांचा गोल झाला. पाय कुठं होता? सातापर्यंत माझे पाय पुढंच रोवलेले होते.

आता आमचा नियम आहे की चार ऐकला की कंबर डंपकडं वळलीच पाहिजे आणि डंपवाल्यानं तोवर फेकणाऱ्याच्या डोळ्यात बघत उभं राहायचं. सरावात मार्क मोजणी थेट पाचपासून सुरू करतो आणि पुढं फेकायला बंदी असते. डंप, मग लगेच दुसऱ्या बाजूला स्विंग, म्हणजे आडवा पास. मैदान ३७ मीटर रुंद आहे. एका बाजूला फोर्स लागला, म्हणजे मार्कनं तिकडंच फेकायला भाग पाडलं, की दुसरी बाजू रिकामी पडते आणि आम्ही ती दोन दिवस वापरलीच नव्हती. हा सराव कंटाळवाणा आहे, पण दोन महिने दुसरं काही घेतलं नाही तरी चालेल असं माझं ठाम मत आहे.

वाऱ्याचं वेगळं सांगतो. १७५ ग्रॅमची डिस्क समोरच्या वाऱ्यावर वर उचलली जाते आणि कडेचा थोडासा कल असला तरी तो वाढत जातो. पाठचा वारा असला की ती लवकर खाली बसते. म्हणून वाऱ्याविरुद्ध खालून सोडा, फिरकी भरपूर द्या आणि फेक छोटी ठेवा. त्याहून मोठी गोष्ट आमच्या उशिरा लक्षात आली. वाऱ्याविरुद्धच्या टोकाला गोल केला की तुम्ही तिथंच थांबता आणि तिथूनच पुल (पुढचा पॉइंट सुरू करणारी फेक) करता. म्हणजे वारा आता तुमच्या पाठीला आणि पुढच्या पॉइंटला वाऱ्याविरुद्ध यायची पाळी समोरच्यांवर. असा एक गोल सामना फिरवतो. वारा जोरात असेल तर झोन (माणूस न धरता जागा धरायचा बचाव) लावा आणि त्यांना फेकायला लावा. आमच्याकडं जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटतो तेव्हा पूर्वी आम्ही सराव रद्द करायचो. आता मेरी वेदर मैदानावर मुद्दाम त्याच दिवसांत जातो.

मिक्स्ड खेळत असाल तर वहीत आणखी एक रकाना घाला, मुली मोकळ्या असताना डिस्क किती वेळा दिली नाही याचा. आमचा आकडा बघून मुलगे गप्प बसले. सातपैकी तीन खेळाडूंना डिस्कच द्यायची नाही ठरवलं तर समोरच्याला चौघांनाच धरायचं काम उरतं.

आता गाडीतलं भांडण. तुमच्या वर्णनावरून ते एका फाउलच्या कॉलवरून झालं. इथं पंच नसतो, हे आपल्याला अंगवळणी पडायला वेळ लागतो. आमच्यातले निम्मे पेठेच्या फुटबॉलमधून आलेले, शाहू स्टेडियमवर वाढलेले. धक्का लागला की हात वर करून इकडं तिकडं बघायचे, आणि बघायला कोणीच नसायचं. कॉल आपणच द्यायचा, काय झालं ते शांतपणे सांगायचं, समोरच्याचं ऐकायचं, आणि पटलं नाही तर डिस्क फेकणाऱ्याकडं परत जाते आणि खेळ सुरू होतो. एवढं सोपं आहे, पण दमलेल्या अवस्थेत घशाशी येतं. स्पिरिटचे, म्हणजे समोरचा संघ आपल्या खिलाडूपणाला गुण देतो त्याचे, पाच मुद्दे असतात, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, आणि दोन म्हणजे व्यवस्थित खेळ. आम्हाला संवादाला एक मिळाला होता आणि मला तो स्कोअरपेक्षा जास्त लागला. तुमचे कागद आयोजकांकडून मागून घ्या. कुठल्या मुद्द्याला दोनपेक्षा कमी मिळाले ते बघा आणि त्या दोघांना समोर बसवून तेवढंच बोला. सरावातही आता आम्ही बाहेरून कोणाला निकाल देऊ देत नाही, खेळणारेच मिटवतात.

बाकी पाणी, मीठ, केळी, दुसऱ्या दिवसासाठी सुके मोजे, आणि शेवटच्या सामन्यातही बदली खेळाडू वेळेवर आत पाठवणं. हे एकदा चुकलं की आपोआप कळतं.

स्पर्धा होऊन चारच दिवस झालेत म्हणता. तुमच्याकडं वही नसेल, पण कुणाच्या तरी मोबाईलवर एखाद्या सामन्याचा व्हिडिओ नक्की असेल. या रविवारी सगळ्यांना एकत्र बसवा, तेवढा एकच सामना बघा आणि प्रत्येक टर्नओव्हरला थांबवून मार्क कितीवर होता ते मोठ्यानं मोजा. आकडे इथं टाकलेत तर मी बघून सांगेन पहिल्या महिन्यात काय घ्यायचं ते.