दिव्याच्या बुंध्याला भोक कशासाठी?

प्रश्न : माझी मुलगी मिलानमध्ये शिकते. एप्रिलमध्ये तेथे फर्निचरचे मोठे प्रदर्शन भरते, त्या आठवड्यात ती शहरभर फिरून फोटो पाठवत असते. बाईच्या देहासारखी फुगीर खुर्ची आणि तिला दोरीने जोडलेला गोळा, फुटक्या कपबश्यांचे झुंबर, कागदाची खुर्ची, असे काय काय त्यात असते. या वस्तू घरात खरोखर कोणी वापरते, की केवळ लोकांनी थांबून पाहावे म्हणून त्या मांडलेल्या असतात?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : लोकांनी थांबावे म्हणून मांडलेल्या वस्तू तेथे पुष्कळ असतात, हे आधीच मान्य करून टाकतो. 'सालोने देल मोबिले' हे प्रदर्शन 1961 पासून भरते आहे आणि मुळात तो व्यापाऱ्यांचा बाजार आहे. बाजारात ओरडणारे असायचेच. तथापि आपण उल्लेखिलेल्या तिन्ही वस्तूंची गोष्ट निराळी आहे.

फुगीर खुर्ची इटालियन डिझायनर गाएतानो पेशे यांची आहे, 1969 सालची. तिच्या आकाराची चर्चा अधिक झाली आणि ती अस्थानी नव्हती, कारण पायाशी बांधलेला गोळा हा कैद्याच्या पायातील लोढा आहे आणि बाई आपल्याच घरात बंदिवान असते, हे पेशे यांना त्यातून सांगायचे होते. मला मात्र तिच्या वेष्टनाचे अप्रूप अधिक वाटते. आत लाकडाचा सांगाडा नाही, स्प्रिंग नाही, सगळा फोमच. त्यातील हवा काढून खुर्ची मूळ आकारमानाच्या सुमारे एक दशांशाइतकी चपटी करीत आणि प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद करीत. गिऱ्हाईक पाकीट घरी नेऊन फोडी, हवा आत शिरे आणि खुर्ची त्याच्या डोळ्यांदेखत फुगून उभी राही. फोम बनविताना फ्रिऑन हा वातावरणाला घातक वायू लागत असे, त्या कारणाने 1973 मध्ये उत्पादन थांबले. 2000 साली ती पुन्हा बाजारात आली, परंतु आता ती फुगलेल्या स्थितीतच येते. म्हणजे आज आपल्या कन्येला दिसते ती खुर्ची मूळ कल्पनेपैकी निम्मीच आहे.

कागदाची खुर्ची जपानी डिझायनर तोकुजिन योशिओका यांची, 2001 सालची. आपल्याकडे गणपतीच्या आराशीत किंवा लग्नाच्या मांडवात घडी उलगडली की गोल होणारे रंगीत कागदी गोळे टांगतात. हिचे तत्त्व नेमके तेच आहे. पातळ ग्लासीन कागदाचे 120 थर ठरावीक रेषांवर चिकटवायचे, जेमतेम बोटभर जाडीची ती चळत कापायची आणि पुस्तकासारखी उघडायची. उघडल्यावर आत मधाच्या पोळ्यासारखी घरे तयार होतात आणि तीच वजन पेलतात. पहिल्यांदा बसणाऱ्याच्या भाराने कागद दबतो आणि त्याच्या बैठकीचा ठसा खुर्चीत कायमचा राहतो. ती रोजच्या वापराची नव्हे, हे उघड आहे. पण कागदाला किती बळ असते हे इतक्या थोडक्यात दाखविणारी दुसरी वस्तू मला ठाऊक नाही.

झुंबर इंगो माउरर या जर्मन दिवेकाराचे, 1994 चे. चिनी मातीच्या बश्या फोडून त्यांचे तुकडे असे बसविलेले असतात की स्फोट मध्येच गोठला असे वाटावे. त्याचे मूळ नाव वेगळे होते. एका इटालियन पाहुण्याच्या तोंडून वैतागाने निघावा तसा 'पोर्का मिझेरिया' हा उद्गार निघाला, आणि माउरर यांनी तेच नाव दिव्याला देऊन टाकले. तुकडे हातांनी जुळविले जात असल्याने एक झुंबर दुसऱ्यासारखे नसते. ते विकत घेणारे लोक आहेत. खाली जेवायला बसण्याचे धाडस मी करणार नाही, एवढेच.

प्रश्न : आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर दिवा हवा आहे, परंतु छताला त्या जागी पॉइंट नाही आणि नव्याने फोडाफोड करायची नाही. दुकानदार कमानीसारख्या वाकलेल्या दांड्याचा दिवा दाखवितो. तो घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपली अडचण हेच त्या दिव्याचे जन्मकारण आहे. आकिले आणि पिएर जाकोमो या कास्तिल्योनी बंधूंनी 1962 मध्ये 'आर्को' घडविला, तो छताला भोक न पाडता टेबलाच्या मधोमध उजेड यावा म्हणूनच. कल्पना रस्त्यावरच्या दिव्यावरून सुचलेली. दांडा सुमारे दोन मीटर पुढे झुकतो, म्हणून टेबलाभोवती खुर्च्या मागे सरकविता येतात आणि वाढणाऱ्याला मागून जाताही येते. एवढा झुकलेला दांडा तोलून धरायचा तर बुंधा जड हवा, आणि म्हणून तेथे कारारा संगमरवराचा सुमारे 65 किलोंचा ठोकळा आहे. मिलानला मी तो पहिल्यांदा जवळून पाहिला, तेव्हा दिव्यापेक्षा या ठोकळ्यापाशीच अधिक वेळ घालविला. त्याला आरपार गोल भोक आहे. नक्षी वाटते, पण नव्हे: त्यातून केरसुणीचा दांडा घालायचा आणि दोघांनी दोन्हीकडून उचलून दिवा हलवायचा. ठोकळ्याच्या कडाही तासलेल्या आहेत, नडगीला लागू नये म्हणून.

दुकानातील नकलांची तपासणी येथूनच करावी. दांडा तेवढाच लांब आणि बुंधा मात्र हलका असेल, तर लहान मूल लोंबकळताच दिवा खाली येईल. बुंध्याला हात घालून पाहा. एकट्याने सहज उचलला गेला, तर घेऊ नका. दिव्याची खालची कड टेबलापासून साधारण 75 सेंटिमीटर वर राहावी, म्हणजे समोरच्याचा चेहरा झाकला जात नाही आणि डोळ्यांवर तिरीपही येत नाही. उजेड 2700 ते 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर छटेचा, घ्यावा. पांढऱ्याफेक प्रकाशात वरणभातही आजारी दिसतो. एलईडी आतच बसविलेला असेल, तर तो आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला योग्य वीज पुरविणारा भाग, बदलून मिळतो का, हे लेखी विचारावे. साधा होल्डर असलेला दिवा मिळाला, तर हा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : मी अमरावतीला डिझाइन शिकते. या क्षेत्रात विदर्भातील कोणी आहे का, आणि त्या प्रदर्शनात नवख्यांना जागा मिळते का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : सत्येंद्र पाखळे यांचे काम अवश्य पाहा. ते वाशीमचे, जन्म 1967 चा. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकले आणि पुढे ॲमस्टरडॅममध्ये त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. त्यांची घोड्याच्या आकाराची बैठक बेल मेटलमध्ये, म्हणजे घंटेच्या धातूत, ओतलेली आहे आणि तिची रीत आपल्या ओळखीची आहे. बस्तरचे कारागीर ढोकऱ्याच्या मूर्ती घडविताना मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळतात, वरून पुन्हा माती लिंपतात, भट्टीत मेण वितळवून काढून टाकतात आणि त्या पोकळीत धातू ओततात. देव्हाऱ्यात मावणाऱ्या मूर्तीची ही पद्धत माणूस बसेल एवढ्या वस्तूला लावणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

नवख्यांसाठी 1998 पासून 'सालोने सातेलिते' हा स्वतंत्र विभाग आहे. मार्वा ग्रिफिन यांनी तो सुरू केला. वयाची अट 35 वर्षांखालील असण्याची, आणि निवड समितीकडून होते. दिव्यांमध्ये रस असेल, तर विषम वर्षी जावे, कारण 'युरोलुचे' हे दिव्यांचे दालन एक वर्षाआड भरते. तोवर एखादी वस्तू कागदावर न ठेवता प्रत्यक्ष घडवून पाहा, आणि ती घडविताना काय मोडले याचेही फोटो जपून ठेवा.