टेम्पोमालकाच्या कागदावर सही करू नका

प्रश्न: मी हुपरीत चांदीचे पैंजण घडवतो. वय 34. चार महिन्यांपूर्वी कोल्हापूरहून मोटारसायकलवर परतताना पुढच्या टेम्पोनं इंडिकेटर न देता एकदम वळण घेतलं. गुडघ्याजवळ हाड मोडलं, प्लेट बसवली. पोलिसांत गुन्हा नोंद आहे. टेम्पोमालक 40 हजार देतो म्हणतो, पण ‘काही तक्रार नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून मागतोय. माझं हेल्मेट टाकीवर होतं, म्हणून कोर्टात दमडी मिळणार नाही, असं तो सांगतो. काय करू?

उत्तर: सही करू नका.

हेल्मेट न घालणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 चा भंग आहे, त्याचा दंड निराळा. त्यावरून भरपाई कापायची तर हेल्मेट नसल्यामुळेच ही इजा झाली, असं दाखवावं लागतं. तुमचा मोडलाय गुडघा! डोक्याला मार असता तर माझं उत्तर बदललं असतं, तेव्हा यापुढं हेल्मेट डोक्यावरच असू द्या.

खरी लढाई अपंगत्वाच्या टक्क्यावर आहे. समजा, दाखल्यावर डॉक्टरांनी 15 टक्के लिहिले. दुकानदाराला तेवढ्यानं फारसा फरक पडणार नाही. तुम्ही मात्र दिवसभर मांडी घालून भट्टीपुढं बसणारे. गुडघा दुमडेना तर काम कसं करणार? शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात स्पष्ट केलंय. महिना 18 हजार कमाई धरा, भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवा, वर्षाच्या कमाईला ज्या आकड्यानं गुणतात तो तुमच्या वयाचा गुणक 16. नुकसान 15 टक्के मानलं तर सव्वासात लाख होतात, 40 टक्के मानलं तर एकोणीस लाखांच्या वर. दवाखान्याचा खर्च वेगळाच.

म्हणून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला घ्या आणि डॉक्टरांची साक्ष होईल असं बघा. नुसता कागद विमा कंपनीचा वकील उडवून लावतो. पगाराची स्लिप नसली तरी व्यापाऱ्याची चांदी दिल्या-घेतल्याची वही आणि बँकेचं पासबुक चालतं. बसून काम करतानाचे जुने फोटो असतील तर तेही जपून ठेवा.

मुदत मात्र कडक समजा. 1 एप्रिल 2022 पासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा लावायचा, असं कलम 166(3) सांगतं. तुमच्या हातात दोनच महिने आहेत. दावा अपघात झाला तिथल्या, तुम्ही राहता किंवा काम करता तिथल्या किंवा समोरचा पक्ष राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येतो.

आणि एक शंका. टेम्पोचा विमा चालू असेल तर भरपाई कंपनी भरते, मालकाच्या खिशाला सहसा हात लागत नाही. मग त्याला 40 हजारांची एवढी घाई कशाला? पॉलिसी संपली होती का, ड्रायव्हरकडं परवाना होता का, हे पोलिसांच्या कागदांत आधी तपासून घ्या.