गुण जुनाच होता, हे सिद्ध कसं करायचं?

एका कंपनीने एस.जी. आयर्नसाठी (गोल ग्राफाइटचं ओतीव लोखंड) पेटंटचा अर्ज केलाय. रसायन (घटकांचं प्रमाण) आमच्या जुन्या छापील कॅटलॉगमधलंच, क्लेममध्ये (हक्क मागणाऱ्या कलमात) कठीणपणाचा आकडा तेवढा जास्तीचा. आमच्याकडे तो छापलेला नाही. अर्जाला विरोध करताना अडेल का? (फाउंड्रीमालक, कुपवाड)

आकडा छापला नाही म्हणून अडत नाही. माल तोच असेल, तर कुणी मोजला नसला तरी गुण त्यात होताच. अमेरिकेत 1985 साली टायटॅनियमच्या एका मिश्रधातूबाबत कोर्टाने हेच धरलं. जुन्या रशियन लेखात ती रचना होती, गंज न लागण्याचा उल्लेख नव्हता. तरी पेटंट नाकारलं गेलं.

मात्र माल खरंच तोच आहे का, इथेच खरी लढाई आहे. रसायन सारखं असूनही कास्टिंग लवकर थंड झालं तर पर्लाइट (लोखंडातली कठीण रचना) वाढतं, सावकाश झालं तर फेराइट (मऊ रचना), आणि कठीणपणा बदलतो. म्हणून कॅटलॉगात जाडी आणि हीट ट्रीटमेंट काय दिलीय ते आधी पाहा. तसंच पुन्हा ओता; आजची सुधारणा त्यात मिसळू नका. एका हीटवर (भट्टीच्या एका वितळणीवर) थांबू नका, चार-पाच घ्या. प्रत्येकीचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (घटकांच्या तपासणीचा) हवा, आणि कठीणपणा अर्जात सांगितलेल्या पद्धतीनेच मोजलेला हवा. पाचांतल्या तीनच बसल्या, तर गुण ‘बहुधा येतो’ एवढंच ठरतं. आपल्याला ‘येतोच’ हवं. न बसलेली हीट लपवू नका, उलटतपासणीत तीच तुम्हाला बुडवेल. चाचणी करणाऱ्याचं शपथपत्र जोडा. कॅटलॉग अर्जाच्या अग्रक्रम तारखेआधी (ज्या तारखेपासून शोधाचं नवेपण मोजतात) लोकांच्या हाती होता, याचा पुरावाही लागेल: छपाईचं बिल, गिऱ्हाइकाला पाठवल्याचं पत्र.

पेवातल्या (जमिनीखालच्या साठवण-खड्ड्यातल्या) हळदीचा एखादा गुण कुणी ‘नवा’ म्हणून मागितला तर? आमच्याकडे कागद नाहीत. (हळद व्यापारी, हरिपूर)

आपल्या पेटंट कायद्यात स्थानिक समाजाचं तोंडी ज्ञानही विरोधाचं कारण ठरतं, कलम 25(1)(k) आहेच. शिवाय कलम 3(d) प्रमाणे माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा गुण सापडणं हा शोध मानला जात नाही. तरी जुन्या वह्या, पावत्या शोधाच. जखमेवरच्या हळदीचं 1995 चं अमेरिकी पेटंट 1997 मध्ये रद्द झालं, ते सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवले म्हणून.

विरोधाची मुदत किती? (विद्यार्थिनी, सातारा)

अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कुणीही विरोध करू शकतो. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर एक वर्ष, पण तेव्हा फक्त हितसंबंध असलेल्यालाच. चाचण्यांना महिने जातात, म्हणून प्रसिद्धी दिसली त्याच आठवड्यात लॅब गाठा.